प्रश्न तुमचे, उत्तरं आमची: आठवड्याचं इंजेक्शन टोचायचं कुठे?

वजन उतरवण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं आता आपल्याकडे बऱ्याच घरांच्या फ्रिजमध्ये येऊन बसली आहेत. टिर्झेपटाइड (मोंजारो) भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, सेमाग्लुटाइडचं वेगोव्ही त्याच वर्षी जूनमध्ये. औषध घ्यायचं की नाही आणि किती ताकदीचं, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. आमच्याकडे आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय त्याच्या पुढचा आहे: सुई टोचायची कुठे आणि पुढच्या आठवड्यात कुठे.

आमच्या जिमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगतात की पोटावर घेतलं की पोट आधी उतरतं आणि मांडीवर घेतलं की मळमळ होत नाही. यात कितपत तथ्य आहे? (नाशिक)

पहिल्या भागात अजिबात नाही. हे औषध जिथे टोचलं तिथली चरबी वितळवत नाही. कातडीखालच्या चरबीच्या थरातून ते सावकाश रक्तात उतरतं, आणि मग भूक, पोट भरल्याची जाणीव आणि जठर रिकामं होण्याचा वेग यांवर काम करतं. पोट, मांडी, दंड यांपैकी कुठूनही घेतलं तरी रक्तात पोचणारं औषध जवळपास सारखंच असतं. शिवाय ही औषधं अंगात मुरून राहणारी आहेत. रक्तातलं निम्मं औषध कमी व्हायला सेमाग्लुटाइडला साधारण आठवडा लागतो, टिर्झेपटाइडला पाच दिवस. एकाच डोसवर चार-पाच आठवडे झाले की रक्तातली पातळी स्थिरावते. मग एखाद्या आठवड्याची सुई मांडीत गेली काय आणि पोटात गेली काय, वजनाच्या काट्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

मळमळीचं म्हणाल तर ती मुख्यतः डोस वाढवल्यानंतरच्या दिवसांत येते. टिर्झेपटाइडची पातळी ८ ते ७२ तासांत सर्वांत वर जाते, सेमाग्लुटाइडची एक ते तीन दिवसांत. त्या दोन-तीन दिवसांत तर्रीची मिसळ आणि रात्रीचं भरपेट जेवण टाळलंत, तर जागा बदलण्यापेक्षा जास्त फरक पडेल. मांडीवर घेऊन तुम्हाला बरं वाटत असेल तर खुशाल घ्या, तोटा काही नाही. मात्र ‘मांडीवर घेतोय, मग सोसेल’ असं म्हणून डोस लवकर वाढवून मागू नका.

पोटावर म्हणजे नेमकं कुठे? माझं सिझेरियन झालेलं आहे. परकराची नाडी येते तिथली कातडी काळी आणि खरखरीत झाली आहे. (बार्शी)

बेंबीच्या सगळ्या बाजूंनी दोन इंच, म्हणजे ५ सेंमी, सोडायचे. मोजपट्टी लागत नाही. बेंबीच्या कडेला तीन बोटं टेकवली की जवळपास तेवढं अंतर होतं. त्याच्या बाहेर, वर शेवटच्या बरगडीच्या खाली, खाली ओटीपोटाच्या हाडाच्या वर आणि दोन्ही बाजूंना कुशीपर्यंतचा भाग चालतो. कुशीकडची जागा बरेच जण विसरतात. तिथे चरबी चांगली असते आणि दुखतंही कमी.

सिझेरियनच्या व्रणात सुई नको. व्रणाखाली मऊ चरबीऐवजी घट्ट तंतू असतात, औषध तिथे नीट पसरत नाही आणि टोचतानाही जास्त दुखतं. व्रणाच्या वर आणि खाली दोन-दोन बोटं सोडा. दुर्बिणीच्या ऑपरेशनची छोटी भोकं, अपेंडिक्सचा टाका, बाळंतपणानंतरचे पट्टे, तीळ, गोंदण यांनाही हाच नियम. हर्निया असेल तर त्याच्या फुगवट्यावर आणि आसपास अजिबात टोचू नका.

नाडीचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण औषधाच्या कागदावर तो सापडत नाही. नाडी, चुडीदारचं इलॅस्टिक, जीन्सचा कमरपट्टा हे दिवसभर एकाच पट्ट्यावर घासतात आणि दाबतात. तिथली कातडी जाड होते आणि टोचल्यावर दोन दिवस हुळहुळत राहते. नेहमीचे कपडे घालून आरशासमोर उभ्या राहा, नाडी कुठे येते ते बघा, आणि तो पट्टा वर-खाली दोन बोटांसह वगळा. पोटाला वळ्या पडत असतील तर वळीच्या आतही नको. तिथे घाम साचतो, आणि पावसाळ्यात खाज किंवा गजकर्ण असतं ते बहुधा तिथेच. बसून घेत असाल तर वळी नीट उघडून तिच्या वरच्या सपाट भागावर घ्या.

इतकं सगळं वगळून पोटावर जागाच उरली नाही तर पोटाचा हट्ट धरू नका. मांड्या आहेत.

आठवड्यातून एकदाच तर टोचायचं. मग जागा बदलायचा एवढा आटापिटा कशासाठी? (कोल्हापूर)

आटापिटा नको, बदल हवा. जागा फिरवण्याची शिस्त मुळात इन्सुलिनमधून आली आहे. रोज दोन-चार वेळा एकाच मऊ जागी इन्सुलिन घेतलं की तिथली चरबी रबरासारखी फुगते. त्या गाठीतून औषध कधी लवकर उतरतं, कधी उशिरा, आणि साखरेचा सगळा हिशोब बिघडतो. यात इन्सुलिनच्या स्वतःच्या गुणाचाही हात आहे, ते चरबी वाढवतं. तुमच्या औषधात तो गुण नाही आणि आठवड्यातून सुई एकच, त्यामुळे धोका त्या मानाने बराच कमी. तरीही त्याच नखाएवढ्या जागेवर दर रविवारी टोचत राहिलात तर ती जागा लाल होणं, खाजणं, कडक होणं हे होऊ शकतं.

आमच्या मते सर्वांत सोपी रीत अशी. बेंबीतून एक उभी आणि एक आडवी रेघ मनात ओढा, पोटाचे चार भाग होतील. पहिल्या आठवड्यात उजवीकडे वर, मग उजवीकडे खाली, मग डावीकडे खाली, मग डावीकडे वर. पाचव्या आठवड्यात उजवी मांडी, सहाव्यात डावी. सातव्या आठवड्यात पुन्हा पहिल्या भागात याल तेव्हा जुन्या जागेपासून निदान बोटभर सरका. दोन टोचण्यांत एक सेंमी अंतर ही किमान मर्यादा समजा, आणि एकच बिंदू चार आठवड्यांच्या आत पुन्हा वापरू नका. ज्यांना मांडीवर आवडत नाही त्यांनी पोटावरच्या चार भागांतच फिरलं तरी चालतं. दर वेळी अवयवच बदलला पाहिजे असं नाही, बिंदू बदलला की झालं.

लक्षात ठेवायच्या भानगडीत पडू नका. कालनिर्णयवर दुधाचा खाडा जिथे मांडता, त्याच चौकोनात ‘उ.व.’, ‘डा.मां.’ अशी दोन अक्षरं टाका. घेतलं की नाही याचीही नोंद आपोआप होते.

आणि महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने पोट आणि मांड्या चाचपून बघा. ओल्या, निसरड्या बोटांना छोटी गाठही कळते, कोरड्या बोटांना ती चुकते. गाठ लागली तर ती जागा पूर्ण बरी होईपर्यंत सोडा.

आई इन्सुलिनही घेते आणि आता हे साप्ताहिक इंजेक्शनही. दोन्ही पोटावर चालतील? (धुळे)

चालतील, पण शेजारी-शेजारी नको. सोपं म्हणजे, त्या दिवशी इन्सुलिन डाव्या बाजूला असेल तर हे उजव्या बाजूला. एका सिरिंजमध्ये दोन्ही औषधं कधीही मिसळायची नाहीत. आईंच्या पोटावर इन्सुलिनच्या जुन्या गाठी असतील तर हे इंजेक्शन त्यांत देऊ नका. इन्सुलिनही गाठीतून हलवून चांगल्या जागी न्यावं लागेल, पण ते डॉक्टरांना सांगून. चांगल्या जागेतून इन्सुलिन जास्त चांगलं लागू पडतं आणि त्याच डोसला साखर एकदम खाली येऊ शकते.

वजन बरंच उतरलं, मांड्या सडसडीत झाल्या. आता सुई स्नायूत जाईल अशी भीती वाटते. (पुणे)

भीती अगदीच अस्थानी नाही, पण उत्तर सुईच्या लांबीत आहे. माणूस जाड असो की बारीक, इंजेक्शनच्या जागेवरची कातडी सरासरी दोन-अडीच मिलिमीटरच असते. कमी-जास्त होतो तो तिच्या खालचा चरबीचा थर. म्हणून इंजेक्शनच्या पेनाला (आत औषध भरलेलं, बटण दाबून टोचायचं पेन) ४ मिलिमीटरची सुई असेल तर ती सरळ, काटकोनात टोचली की कातडीच्या जरा पलीकडे थांबते आणि बहुतेक प्रौढांना चिमटीही लागत नाही. तुमच्यासारख्यांनी मात्र चिमूट धरावी. ६ किंवा ८ मिलिमीटरची सुई असेल तर ती धरायलाच हवी. ८ ची सुई सडसडीत जागी तिरपी, ४५ अंशांत टोचा.

चिमूट अंगठा आणि पहिल्या दोन बोटांचीच. अख्ख्या मुठीत मांडी धरलीत तर चरबीबरोबर स्नायूही वर येतो, म्हणजे जे टाळायचं तेच होतं. औषध पूर्ण जाऊन सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडू नका.

मांडीवरची जागा पुढची आणि बाहेरची, म्हणजे उभं राहिल्यावर पँटच्या खिशात हात घातला की तळवा टेकतो तो पट्टा. गुडघ्यापासून वर आणि जांघेपासून खाली वीतभर नाही तरी चार-चार बोटं सोडा. आतल्या बाजूला नको: तिथे शिरा जास्त, आणि चालताना मांड्या एकमेकींना घासतात. स्नायूत गेलं तर काय? जास्त दुखतं, काळं-निळं पडतं आणि औषध जरा वेगाने उतरू शकतं. तसं झाल्याचा संशय आला तरी त्या आठवड्याचा डोस पुन्हा घ्यायचा नाही.

दंडावर स्वतःचं स्वतः घेता येईल का? (ठाणे)

घेऊ नका. जागा दंडाच्या मागच्या बाजूला आहे. तिथे एका हाताने चिमूटही धरता येत नाही आणि कोनही दिसत नाही. टिर्झेपटाइडच्या माहितीपत्रकातही दंडावर दुसऱ्याने द्यावं असंच आहे. घरात कुणी देणारं असेल तर दंड उत्तम, नसेल तर पोट आणि मांड्या पुरतात.

मोंजारोची बाटली आणली. ‘सिरिंज ५० पर्यंत भरा’ असं सांगितलं होतं, पण मेडिकलमधून मिळालेल्या सिरिंजवर ४० पर्यंतच आकडे आहेत. (लातूर)

थांबलात ते बरं केलंत. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन जातींच्या सिरिंज मिळतात. एका मिलीला ४० युनिटवाली (यू-४०), सहसा लाल टोपणाची, आणि एका मिलीला १०० युनिटवाली (यू-१००), सहसा केशरी टोपणाची. टोपणाच्या रंगावर विसंबू नका, नळीवर यू-४० की यू-१०० छापलंय ते वाचा. बाटलीतला डोस अर्धा मिलिलिटर (०.५ मिली) आहे. यू-१०० सिरिंजवर अर्धा मिली म्हणजे ५० ची रेघ. यू-४० वर तोच अर्धा मिली म्हणजे २० ची रेघ. त्या सिरिंजवर ४० ची रेघ म्हणजे पूर्ण एक मिली, दुप्पट. उलट कुणी ‘२०’ हा आकडा ऐकून यू-१०० भरली तर अर्ध्याहूनही कमी औषध जाईल. म्हणून युनिटच्या भाषेत बोलूच नका. ‘०.५ मिली’ असं म्हणा, आणि शक्य असेल तर सिरिंज बदलून यू-१०० घ्या. लहान रेघा तिच्यावर नीट दिसतात.

भरायची रीत: हात साबणाने धुवा. बाटलीचं प्लॅस्टिकचं झाकण काढा, रबरी बूच स्पिरिटने पुसा आणि वाळू द्या. सिरिंजमध्ये अर्धा मिली हवा ओढा, ती बाटलीत सोडा, मग बाटली उलटी करून अर्ध्या मिलीपेक्षा किंचित जास्त औषध ओढा. सुईचं टोक सतत द्रवात राहिलं पाहिजे, नाहीतर हवाच येते. टिचकी मारून बुडबुडे वर आणा, ते परत बाटलीत ढकला आणि बरोबर ०.५ च्या रेघेवर या. एखादा बारीक बुडबुडा कातडीखाली गेला तर अपाय नाही. तो मोठा असला तर तेवढं औषध मात्र कमी पडतं.

बाटलीत तळाला थोडं उरतं. ते टाकून द्यायचं, पुढच्या आठवड्यासाठी ठेवायचं नाही. ५ मिलिग्रॅमची बाटली दोन आठवडे पुरवायची युक्ती बरेच जण करतात. पैशाचं गणित कळतं, पण या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घालायचं रसायन नसतं. महिनाभर चालणाऱ्या चार डोसांच्या पेनात ते असतं, म्हणून पेन टिकतं आणि बाटली टिकत नाही.

सुई काढल्यावर टपोरा थेंब बाहेर आला. एकदा रक्तही आलं. पुन्हा घेऊ का? (सांगली)

नाही. किती गेलं आणि किती सांडलं हे मोजता येत नाही, आणि अंदाजाने घेतलेला जादा डोस आठवडाभर त्रास देतो. थेंब येतो तो बहुधा घाईमुळे. मोंजारोच्या क्विकपेनचं (म्हणजे त्याच्या चार डोसांच्या पेनाचं) बटण पूर्ण दाबून सावकाश पाचपर्यंत मोजायचं, वेगोव्हीच्या पेनात आकडा शून्यावर आल्यावर सहापर्यंत, आणि मगच सुई काढायची. टीव्हीकडे बघत एका दमात ‘एकदोनतीनचारपाच’ म्हटलं तर ते मोजणं नव्हे. थेंबाचं दुसरं कारण म्हणजे पेनाला जुनी सुई तशीच लावून ठेवणं. त्यातून आत हवा शिरते, औषध गळतं आणि पुढच्या वेळी बटण दाबल्यावर उशिरा थेंब पडत राहतात. दर वेळी नवी सुई, आणि घेऊन झालं की लगेच काढून टाकायची. क्विकपेन दर वेळी टोचण्याआधी थोडं औषध हवेत सोडून तपासायचं असतं, वेगोव्हीचं पेन फक्त नवं उघडल्यावर.

रक्त आलं तर कोरडा कापूस अर्धा मिनिट दाबून धरा. चोळू नका, शेकू नका, वर बामही लावू नका. काळं-निळं पडलेलं आठवड्याभरात जातं. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ ठेवणाऱ्या दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर ते जास्त पडणार. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, फक्त डाग आहे तिथे पुन्हा टोचू नका.

टोचल्यावर दुसऱ्या दिवशी रुपयाएवढा लाल चट्टा येतो आणि खाजतो. (चिपळूण)

दोन-तीन दिवसांत आपोआप जात असेल तर घाबरायचं कारण नाही, असे चट्टे या औषधांत दिसतात. आधी साध्या गोष्टी तपासा. स्पिरिट ओलं असतानाच सुई घातली की आग होते, ते पूर्ण वाळू द्या. औषध फ्रिजमधून काढल्या काढल्या टोचलं की जास्त झोंबतं. पंधरा मिनिटं ते अर्धा तास बाहेर ठेवा, गरम पाण्यात बुडवू नका. पेन फ्रीझरच्या खालच्या ट्रेमध्ये ठेवत असाल तर तिथून हलवा. गोठलेलं औषध वितळल्यावर दिसायला नेहमीसारखंच दिसतं, पण ते वापरायचं नसतं.

चट्टा दर वेळी आधीपेक्षा मोठा होत असेल, कडा पसरत असतील, जागा गरम लागत असेल, पू किंवा ताप असेल तर डॉक्टरांना दाखवा. अंगभर पित्त उठलं, ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर वाट न बघता इस्पितळ गाठा. पोटात सतत, पाठीकडे जाणारी तीव्र कळ आणि उलट्या याही टोचण्याच्या जागेच्या तक्रारी समजू नका. ती स्वादुपिंडाची सूज असू शकते, त्याच दिवशी दाखवा.

मागच्या आठवड्यात कुठे घेतलं तेच आठवत नाही. (मडगाव)

दोन्ही मांड्या आणि पोट उजेडात नीट बघा, बहुधा बारीक ठिपका सापडतो. नाही सापडला तर जिथे तुम्ही सहसा घेत नाही तिथे घ्या, आणि आजपासून लिहून ठेवा.

सुई बदलून नवरा-बायकोने एकच पेन वापरलं तर? दोघांचा डोस सारखाच आहे. (छत्रपती संभाजीनगर)

नाही, सुई बदलली तरीही नाही. टोचताना रक्ताचा अंश उलटा पेनाच्या आत जाऊ शकतो. हेपटायटिस बी, सी आणि एचआयव्ही असे पसरू शकतात आणि घरातल्या घरातही पसरतात.

वापरलेल्या सुया टाकायच्या कुठे? सध्या त्या टोपण लावून ओल्या कचऱ्यात जातात. (डोंबिवली)

ओल्या कचऱ्यात तर नाहीच, सुक्या कचऱ्याच्या पिशवीतही सुट्या नकोत. कचरा वेगळा करणाऱ्या ताईंच्या हातात त्या घुसतात. फिरकीच्या झाकणाचा जाड प्लॅस्टिकचा डबा घ्या, फिनाइलचा किंवा लिक्विड डिटर्जंटचा रिकामा डबा चालतो. पाण्याची पातळ बाटली नको, तिच्यातून सुई आरपार येते. सिरिंज टोपण न लावता, सुईचं टोक खाली करून थेट डब्यात टाका. टोपण परत लावताना बोटाला टोचण्याचे प्रकार जास्त होतात. पेनाची सुई तिच्या बाहेरच्या मोठ्या आवरणाने फिरवून काढा आणि तीही डब्यातच टाका. वर ‘वापरलेल्या सुया’ असं ठळक लिहा आणि डबा मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. तीन-चतुर्थांश भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करून जवळच्या दवाखान्यात किंवा पॅथॉलॉजी लॅबमध्ये विचारा. त्यांच्याकडे सुयांसाठी पांढरा, न टोचला जाणारा डबा असतो आणि बरेच जण तुमचा डबा घेतात. कुणीच घेतला नाही तर पालिकेच्या घरगुती घातक कचऱ्यात तो वेगळा, सांगून द्या.